तुमी गाडीत होते का?

बोलणाऱ्याचं बोलणं ऐन रंगात आलं की मास्तर कानावरची पेन्सिल काढायचे, टेबलावर दोनदा टकटक करायचे आणि विचारायचे, "तुमी गाडीत होते का?"

बस्स, एवढंच. आवाज चढवायचे नाहीत, हसायचेही नाहीत. पण समोरच्याची गोष्ट तिथल्या तिथे पंक्चर व्हायची. अमक्याच्या मुलाने तमक्याला कसं बदडलं हे आमचे एक निवृत्त कारकून एकदा हातवारे करून सांगत होते. मास्तरांची टकटक झाली.

"गाडीत होते का तुमी?"

"नाही हो. पण सगळं गाव बोलतंय."

"गावबी गाडीत नव्हता," मास्तर म्हणाले आणि पुन्हा पेपरात डोकं घातलं.

मुरबाडच्या आमच्या वाचनालयात मी ग्रंथपाल आहे. मास्तर शाळामास्तर नव्हते. एसटीच्या कंडक्टरला आमच्याकडे मास्तरच म्हणतात. मुरबाड ते टोकावडे आणि पुढे माळशेजच्या बाजूला त्यांनी उभा जन्म फेऱ्या मारल्या. निवृत्त झाले तरी अंगातली गाडी काही उतरली नव्हती. वाचनालयातही ते दाराजवळच्या खुर्चीवरच बसायचे, कारण कंडक्टरची जागा दाराशी. मासिकांच्या कपाटापाशी चार माणसं जमली की बसल्या जागेवरून "पुढं सरका, पुढं मोकळं हाय" अशी सूचना यायची. फेरीचा कागद भरायला कानावर पेन्सिल ठेवायची सवय होती, तीही तशीच राहिली. अशी एकेका नोकरीने घडवलेली माणसं तुम्हीही पाहिली असतील.

त्या प्रश्नाचा उगम त्यांनी मला एकदा सांगितला होता. टोकावड्याच्या अलीकडे कुणाच्या तरी पिशवीतून कोंबडी निसटली आणि थेट ड्रायव्हरच्या पायात गेली. त्याने ब्रेक मारला. एका माणसाचं नाक दांड्यावर आपटून रक्त आलं. एवढंच झालं होतं. पण गाडी मुरबाडला पोचायच्या आधी बातमी पोचली होती आणि स्टँडवर तीन माणसं मेली होती.

"मी सांगून सांगून दमलो बाई," मास्तर म्हणाले. "माणसं सोडा, कोंबडीबी जिवंत होती. पण जे गाडीत नव्हते त्यांनाच जास्त म्हाईत."

पुस्तकांच्या बाबतीत मात्र हा माणूस भलताच हळवा होता. त्यांच्या घराण्यात अक्षरओळख असलेला पहिला माणूस म्हणजे त्यांचे वडील. तेही मोठेपणी, बुद्धविहारात कंदिलापाशी बसून शिकलेले. त्यामुळे छापील कागदाला पाय लागला तरी मास्तर त्याला हात लावून तो कपाळाला लावायचे. कुणी पानाचा कोपरा दुमडला तर माझ्याआधी ते ओरडायचे. "कान धरला तर कसं वाटंल तुमाला?" स्वतः खुणेसाठी जुनी, भोक पाडलेली तिकिटं वापरायचे. आजही एखादं पुस्तक उघडलं की त्यातून मुरबाड–टोकावड्याचं तिकीट खाली पडतं.

हे सगळं सांगायचं कारण असं, की अशा माणसाने वाचनालयाच्या एका पुस्तकाचं पानन् पान पेन्सिलीने भरून टाकलं. ते पुस्तक मागवलं होतं मी.

पण त्याआधी सिस्टरबद्दल सांगायला हवं. तिचं नाव मी इथे लिहीत नाही. लोकांनी ते पुरेसं वापरलंय.

ती मूळची शेणव्याची, शहापूर तालुक्यातली. नोकरीला टोकावड्याच्या बाजूला नर्स. गावातच खोली घेऊन राहायची. दर बुधवारी सकाळी सरकारी दवाखान्यातून लसींचा निळा डबा घ्यायचा, एसटीने पुढच्या फाट्यावर उतरायचं, तिथून पायी वाड्यांवर जाऊन पोरांना लस द्यायची आणि उरलेल्या लसीसकट डबा त्याच संध्याकाळी दवाखान्यात परत जमा करायचा. डबा घरी न्यायचा नाही, असा नियम. आत बर्फ असतो, तो वितळला की लस फुकट. मास्तर तो डबा ड्रायव्हरच्या मागच्या सीटखाली, उन्हापासून दूर ठेवायचे. कुणी पाय लावला तर म्हणायचे, "ओ, पाय घ्या. पोरांचं औषध हाय." तिकीट मात्र तिचं एकटीचंच फाडायचे.

एका बुधवारी ती परत आली, डबा जमा केला आणि दवाखान्यातून आपल्या खोलीकडे चालत निघाली. वाटेत गळ्यातल्या चेनीसाठी एकाने तिला अडवलं. झटापट झाली आणि ती मेली. माणूस आठवड्याभरात सापडला, त्याच्याकडे चेनही सापडली, पुढे त्याला शिक्षा झाली. इतकी सरळ आणि इतकी भयंकर गोष्ट होती ती.

पण सरळ गोष्टीला गिऱ्हाईक नसतं. दुसऱ्याच दिवशी एका पेपरात आलं, 'अनैतिक संबंधातून प्रकार घडल्याचा संशय व्यक्त होत आहे.' मराठीत या एका वाक्याने जेवढ्या मेलेल्या बायकांची अब्रू घेतली असेल तेवढी कुणी घेतली नसेल. संशय व्यक्त कोण करतंय, याचा त्यात पत्ताच नसतो. मग मोठ्या गाड्या घेऊन चॅनेलवाले आले, फाट्यावर उभं राहून घसा ताणून गेले. मग मोबाइलवाले आले. आरोपी सापडल्यावर सगळे जसे आले तसे गायब झाले. चेनचोराची बातमी आतल्या पानावर चार ओळींची आली.

आणि दोन वर्षांनी ते पुस्तक आलं. 'निळ्या डब्याचं रहस्य.' मुखपृष्ठावर धुक्यातला घाट आणि पाठमोरी पांढऱ्या साडीतली बाई. घटनेत घाट कुठेच नव्हता, आणि चिखलात वाड्या तुडवणारी आमची सिस्टर पांढरी साडी नेसायला खुळी नव्हती. पण वाचकांनी मागणी केली, यादीत आठ नावं लागली, आणि मी पुस्तक मागवलं. ग्रंथपालाने वाचकांची आवड बघावी, असं मी मनाशी म्हटलं. खरं सांगायचं तर मलाही वाचायचं होतं.

लेखक दोन दिवस ढाब्यावर उतरून, गावठी कोंबडीवर ताव मारून गेला होता. त्या दोन दिवसांत त्याला शेजारणीकडून एवढंच कळलं होतं, की सिस्टर एरवी चारला घरी यायची आणि बुधवारी सात वाजायचे. झालं! त्यावर दोनशे पानं. बुधवारचे ते तीन तास ती कुठे असायची? कुणासोबत असायची? निळ्या डब्यात काय असायचं? शेवटचं वाक्य मला अजून पाठ आहे. 'तो निळा डबा आजतागायत सापडलेला नाही.'

अहो, सापडलेला नाही म्हणजे काय! तो डबा दवाखान्यात फळीवर होता, नंबर घातलेल्या सहा डब्यांच्या रांगेत. पुढच्या बुधवारी दुसऱ्या नर्सने नेलासुद्धा. दवाखान्याचं दार ढाब्यापासून हाकेच्या अंतरावर आहे.

मास्तरांनी पुस्तक चार दिवसांत परत आणून दिलं. टेबलावर ठेवलं, पण टकटक केली नाही.

"तुमी मागवलं का बाई हे?"

"वाचकांची मागणी होती."

"ह्यो गाडीत नव्हता," ते म्हणाले. "एकदाबी नव्हता." आणि त्या दिवशी पेपर न वाचताच निघून गेले. मला ते वाक्य शिवीपेक्षा जास्त लागलं.

त्यांनी प्रकाशकाला पत्र लिहिलं. सुवाच्य अक्षरात, दोन पानी, डबा कुठे आहे, कुठल्या फळीवर आहे हे सगळं. उत्तरादाखल एक छापील यादी आली. 'गुन्हेकथांच्या संचावर वाचकांना खास सवलत.' मास्तरांनी ती यादीसुद्धा न फाडता मला आणून दिली, कारण ती छापलेली होती.

मग ते शेणव्याला गेले. सिस्टरची आई तिथे धाकट्या मुलीकडे राहत होती. तिने बाजारात जाणं सोडलं होतं. भाजी घेताना कुणी ना कुणी विचारायचं, "मावशी, डबा घावला का गो?" मास्तरांनी तिला समजावलं, की डबा कधी हरवलाच नव्हता. तिने सगळं ऐकून घेतलं, चहा दिला आणि म्हणाली, "तुमी म्हणता ते खरंच असंल भाऊ. पण तिकडं छापलंय ना."

परत आल्यावर मास्तरांनी हे मला सांगितलं तेव्हा त्यांचे डोळे भरले होते. छापलेल्या अक्षराला तिच्याइतकंच मानणारा माणूस तो. त्याला तिचं म्हणणं खोडता येईना. त्याच दिवशी त्यांनी ते पुस्तक पुन्हा स्वतःच्या नावावर घेतलं.

पंधरा दिवसांनी ते परत आलं तेव्हा मी सहज चाळलं आणि किंचाळलेच. पानापानाच्या कडेला, वर, खाली, बारीक अक्षरात पेन्सिलीने लिहिलेलं. "मास्तर! हे तुम्ही केलंत? तुम्ही?"

शाळेतल्या पोरासारखे हात मागे बांधून ते उभे राहिले. "खाडाखोड नाय केली बाई. छापलेल्या एका अक्षराला हात नाय लावला. बाजूची जागा रिकामी होती. सीट रिकामी ठिवायची, आन् माणूस उभा? माझ्या गाडीत तसं कधी झालं नाय."

मी रागारागाने वाचायला लागले. सतराव्या पानावर लेखक म्हणतो, 'त्या तीन तासांत ती कुणाला भेटत असावी?' शेजारी मास्तर: 'दर बुधवारी पाच वीसच्या गाडीला फाट्यावर चढायची. डबा ड्रायव्हरच्या मागं ठेवायचो. मी होतो.' चाळिसाव्या पानावर, 'तिचा स्वभाव गूढ, एकलकोंडा होता.' शेजारी: 'बसमध्ये सात बाया तिच्याशी एकदम बोलायच्या. तिकीट काढायला हात मोकळा मिळायचा नाय. मी होतो.' प्रत्येक नोंदीखाली तेच दोन शब्द. मी होतो.

आमचा नियम स्पष्ट आहे. पुस्तक खराब करणाऱ्याचं सभासदत्व रद्द. मी प्रकरण कार्यकारिणीपुढे ठेवलं, आणि ठेवताना माझा मलाच राग येत होता. अध्यक्षांना ते पुस्तक मुळात फार आवडलेलं. त्यांनी कपाळाला आठ्या घालून पुरावा मागवला, चष्मा लावला आणि कडेचं वाचायला लागले. सगळे वाट बघत बसले. चहावर साय धरली. अर्ध्या तासाने अध्यक्ष म्हणाले, "मी हे आधी एका बैठकीत वाचून काढलं होतं. आता जरा लाज वाटत्ये."

ठराव असा झाला, की पुस्तक खराब झाल्याने घरी देता येणार नाही, सबब वाचनालयात बसूनच वाचावं. सभासदत्वाचा विषय वेळेअभावी पुढे ढकलला. तो अजून पुढेच आहे.

आता गंमत बघा. घरी मिळत नाही म्हटल्यावर त्याच पुस्तकासाठी माणसं टेबलापाशी रांग लावू लागली. छापलेलं कुणी वाचेना. आणि मग टोकावड्याच्या गाडीने बायामाणसं येऊ लागली. त्यांनाही सांगायचं होतं. मास्तर दाराशी बसलेलेच असायचे. कुणी आलं की टकटक. "तुमी गाडीत होते का?" म्हणजे स्वतः पाहिलंय का. "लोक म्हणतात" असं सुरू झालं की मास्तर पेन्सिल कानावर ठेवून द्यायचे. पाहिलेलं असेल तर लिहून घ्यायचे, वाचून दाखवायचे आणि खाली सही, नाहीतर अंगठा.

डोंगरातल्या वाडीवरची एक आजी आली होती. वाचनालयाच्या पायरीवरच बसली, आत येईना. मास्तर पुस्तक घेऊन तिच्या शेजारी पायरीवर बसले.

"नातू तापानं फणफणला होता. वहाळ भरलेला. शिस्टर डबा डोक्यावर घेऊन पान्यातनं आली. मी म्हटलं, गो बाय, वाहून जाशील. तं म्हंते, डबा भिजला नाय पायजे, मी भिजले तं चालंल."

मास्तरांनी ते तिच्याच बोलीत, जसंच्या तसं लिहिलं. मी म्हटलं, "मास्तर, शुद्ध करून लिहा ना." ते म्हणाले, "तिची सीट हाय. तीच बसंल." आजीच्या अंगठ्याचा ठसा एकशे बाराव्या पानावर आहे. त्याच पानावर लेखकाने सिस्टरच्या 'दुहेरी आयुष्या'बद्दल लिहिलंय. ते आता कुणाच्या नजरेतही भरत नाही.

वर्षभरात पुस्तकाच्या कडा भरल्या. कुणी लिहिलं की तिला सुकट आवडायची, कुणी की ती इंजेक्शन देताना पोरांना मांजराचा आवाज काढून दाखवायची. एका ड्रायव्हरने लिहिलं, म्हातारी धावत येताना दिसली की ती 'थांबा थांबा' ओरडायची आणि त्यापायी गाडीला उशीर व्हायचा. मला सांगायला अभिमान वाटतो, की तालुक्याच्या एका साध्या वाचनालयात, एका वाईट पुस्तकाच्या अंगावर, एका बाईचं खरं आयुष्य लिहिलं गेलं. ते आमच्या माणसांनी लिहिलं. आणि त्यांच्याकडून ते लिहून घेतलं एका कंडक्टरने.

मास्तर अधूनमधून शेणव्याला निरोप धाडायचे, एकदा येऊन बघा. आई आली नाही. त्या पुस्तकाला हात लावायचा नाही, असं तिचं म्हणणं होतं. मास्तर म्हणायचे, "येईल. गाडी लेट हाय, रद्द नाय."

गेल्या हिवाळ्यात मास्तर गेले. दोन दिवस ताप आला, तिसऱ्या दिवशी संपले. विहारातल्या शोकसभेत मी बोलायला उभी राहिले आणि एक वाक्य बोलून खाली बसले. दाराजवळची खुर्ची आम्ही हलवली नाही. माणसं तिला वळसा घालून आत येतात.

त्यानंतर महिन्याभराने, भरदुपारी दोघीजणी आल्या. एक सत्तरीची, एक तिशीची. धाकटी म्हणाली, "आमी शेणव्याच्या. मास्तर गेले ते कळलं. आई म्हणाली, आता जाया पायजे."

मी पुस्तक काढून दिलं. मुखपृष्ठावरची ती पांढऱ्या साडीतली बाई बघून आईने तोंड फिरवलं. मी वर्तमानपत्राचं कव्हर घातलं. मग धाकटी वाचू लागली, फक्त कडेचं. फाट्यावर चढायची. मी होतो. सात बाया एकदम बोलायच्या. मी होतो. डबा डोक्यावर घेऊन आली. आई मान हलवत होती. सुकटीपाशी हसली, मांजराच्या आवाजापाशी पदर डोळ्यांना लावला. असे दोन तास गेले.

शेवटच्या पानापाशी धाकटी थांबली. ते पान मला ठाऊक होतं, आणि ते मला कधीच धड वाचता आलेलं नाही. 'तो निळा डबा आजतागायत सापडलेला नाही' या छापील वाक्याखाली मास्तरांची नोंद आहे:

'त्या बुधवारी मी गाडीत नव्हतो. रजेवर होतो. हे मला जन्मभर पुरंल. पण डबा पोचला होता. दवाखान्याच्या वहीत त्या संध्याकाळची तिची सही हाय. सही मी डोळ्यांनी पाहिली.'

उभा जन्म दुसऱ्यांना विचारलेला प्रश्न या माणसाने आधी स्वतःला विचारला होता, आणि उत्तर लपवलं नव्हतं. मला फार रडू आलं. ते मी लपवलं, कारण समोर जिची मुलगी गेली होती ती बाई रडत नव्हती.

"हे छापलेलं का गो?" तिने विचारलं.

"नाय आई. हातानं लिवलंय."

तिने त्या ओळींवरून बोट फिरवलं. "हातानं लिवलंय म्हंजे कुनीतरी बगितलंय," ती म्हणाली.

मी त्यांना स्टँडवर पोचवायला गेले. गाडी लागलेली होती. म्हातारीची पिशवी घेऊन मी आत चढले, तिला खिडकीशी बसवलं. पुढच्या सीटवरची एक बाई मागे वळून बराच वेळ बघत होती. शेवटी तिला राहवेना.

"मावशी, त्या डब्यावाल्या शिस्टरची आई तुमीच ना?"

धाकटीने आईचा हात धरला. आईने तो सोडवला, पदर सारखा केला आणि सगळ्या गाडीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "हां. मीच. डबा जमा करून, सही करून मंगच गेली माजी लेक."

मग मागून कुणीतरी म्हातारा म्हणाला, "माज्या नातवाला तिनंच टोचलंय," आणि त्याच्या शेजारची बाई काहीतरी सांगू लागली, आणि कंडक्टरने डबल बेल द्यायला हात वर केला तो तसाच ठेवला.

हे मी कुणाकडून ऐकलेलं सांगत नाही, मास्तर. मी गाडीत होते.